बांबेर्ग खालून वर: एका दिवसात शहर पाहण्याची वाट

जर्मनीतल्या एर्लांगेनला राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागते आणि आलेल्या प्रत्येकाला जवळचं बांबेर्ग फिरवून आणायचं काम आपसूक माझ्याकडे येतं. सुरुवातीला मी सगळे करतात तेच करायचे. स्टेशनवरून बस, थेट टेकडीवरचं कॅथेड्रल, मग उतरत नदी, जेवण आणि परतीची गाडी. पाहुणे "छान आहे हो" म्हणायचे, आणि गाडीत बसल्यावर हमखास कोणीतरी विचारायचं, "पण तो टाउन हॉल नदीत मधोमध का बांधलाय?"

दोष पाहुण्यांचा नव्हता. मी गोष्ट शेवटापासून सांगत होते.

बांबेर्ग हे तीन थरांचं गाव आहे. रेग्निट्स नदीच्या पूर्वेला, स्टेशनच्या बाजूला, माळी-बागायतदारांची वस्ती. मधे नदीच्या दोन प्रवाहांत बेटावर व्यापारी आणि कारागीर. पश्चिमेला टेकड्यांवर बिशप आणि त्याचा लवाजमा. टेकड्या सात, रोमसारख्या, म्हणून याला 'फ्रांकोनियाचं रोम' म्हणतात; फ्रांकोनिया म्हणजे बव्हेरिया राज्याचा हा उत्तरेकडचा भाग. १९९३ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून या तिन्ही थरांना मिळून मान दिला, नुसत्या चर्चला नव्हे. त्यामुळे हल्ली मी पाहुण्यांना खालून वर नेते: आधी कांदा, मग बाजार, मग बिशप. तीच वाट इथे देते आहे.

आधी दिवस ठरवा

सोमवार टाळा, बरीच संग्रहालयं बंद असतात. रविवारी दुकानं बंद आणि सकाळी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना, म्हणजे आत फिरता येत नाही. मंगळवार ते शनिवारमधला कुठलाही दिवस उत्तम. गुलाब बघायचे असतील तर जून.

ऑगस्टच्या उत्तरार्धात 'सांडकेर्वा' नावाची जत्रा भरते. गुरुवार ते सोमवार कॅथेड्रलखालच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. होड्यांत उभे राहून एकमेकांना लांब काठीने पाण्यात ढकलण्याचा कोळ्यांचा खेळ याच जत्रेत होतो. गर्दी आवडत असेल तर मुद्दाम जा, पण त्या दिवसांत शहर पाहून होणार नाही, जत्राच होईल. नाताळच्या सुमारास वेगळीच मजा असते. चर्चाचर्चांतून येशूजन्माचे देखावे मांडलेले असतात आणि गणपतीत आपण जसे मंडळांची आरास बघत फिरतो तसे लोक या देखाव्यांची वाट धरून फिरतात. थंडी मात्र हाडात शिरते.

बरोबर काय घ्यायचं? जाड तळव्याचे बूट, कारण रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत आणि चढ खरे आहेत. रोख युरो, कारण फ्रांकोनियातल्या जुन्या खाणावळींत कार्ड चालेलच असं नाही. स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी. पाण्याची बाटली घरून भरून घ्या, नळाचं पाणी बिनधास्त प्यावं. आणि एक स्टीलचा डबा. तो कशाला, ते शेवटी कळेल.

पोचायचं कसं

न्युर्नबेर्गहून रीजनल एक्स्प्रेसने पाऊण तासाच्या आत, एस-बानने, म्हणजे उपनगरी गाडीने, साधारण तासाभरात. एर्लांगेन याच मार्गावर आहे, तिथून आणखी कमी. म्युनिकहून बर्लिनकडे जाणाऱ्या काही आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याच्या जलद, गाड्याही इथे थांबतात. डॉइचलँड तिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) असेल तर रीजनल आणि एस-बानला चालतं, आयसीईला नाही. चार-पाच जण असाल तर बायर्न तिकीट (बव्हेरियाभर चालणारं दिवसाचं तिकीट) परवडतं: एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत. मात्र सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच लागू होतं. ८:५० च्या गाडीत चढून "दहाच मिनिटं तर आहेत" हे तिकीट तपासनिसाला समजावण्याचा प्रयोग आमच्या घरात एकदा झालेला आहे, परत करू नये.

या मार्गावर जादा रूळ टाकण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे आणि अधूनमधून गाड्यांऐवजी बस सोडतात. निघायच्या आदल्या रात्री ॲपवर वेळ पाहाच.

पहिला टप्पा: माळ्यांची वस्ती (सकाळी साडेनऊ-दहा ते साडेअकरा)

स्टेशनबाहेर पडलेले सगळे पर्यटक सरळ नदीकडे चालू लागतात. तुम्ही त्यांच्यामागे जाऊ नका. मिटेलश्ट्रासं या रस्त्याकडे वळा, दहा मिनिटांची चाल आहे.

रस्ता पाहून पहिल्यांदा निराशा होईल. बुटकी, एकमेकांना खेटून उभी घरं आणि प्रत्येकाला गाडी आत जाईल एवढा मोठा दरवाजा. गंमत त्या दरवाजांत आहे. एखादा उघडा दिसला तर डोकावा: मागे सलग शेत पसरलेलं असतं. भर शहरात, रस्त्यावरून अजिबात न दिसणारं. पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या दिंडीतून आत गेल्यावर मागे विहीर आणि परसबाग निघावी, त्यातला प्रकार, फक्त परस एकरांत मोजायचं. मध्ययुगापासून इथली माळी कुटुंबं भाजी आणि बियाणं पिकवत आली आहेत. कित्येक घरांच्या दर्शनी भिंतीत कोनाडे आणि त्यांत संतांच्या मूर्ती दिसतील.

मिटेलश्ट्रासं ३४ इथे माळी आणि द्राक्षमळेवाल्यांचं छोटं संग्रहालय आहे, १७६७ च्या घरात. एका सुखवस्तू माळी कुटुंबाचं घर १९०० च्या सुमारास जसं असेल तसं मांडलेलं आहे, मागे बागेसकट. ते हंगामातच उघडं असतं, म्हणून वेळ आधी पाहून घ्या. इथलं जुनं मोलाचं पीक म्हणजे ज्येष्ठमध. त्याची मुळं जमिनीत खोल जातात, अखंड काढणं हे कौशल्याचं काम. आता ते हौसेनं जपलं जातं. बटाट्याचीही एक खास जात आहे, बोटाएवढी वाकडी, 'ह्योर्नला' म्हणजे शिंगुल्या नावाची. बेकरीतल्या लोण्याच्या वाकड्या पावालाही इथे हेच नाव, त्यामुळे मागताना दुकान कसलं आहे ते पाहून मागा!

आणि कांदा. बांबेर्गकरांना आजूबाजूचे लोक 'त्स्वीबेलट्रेटर' म्हणून चिडवतात, म्हणजे कांदे तुडवणारे. पूर्वी इथले माळी पायांना फळ्या बांधून कांद्याच्या वाफ्यांतून चालत आणि हिरवी पात आडवी करत, म्हणजे पुढची वाढ पातीत न जाता खाली कांद्यात जावी. निफाडकडचे माझे मामा आले होते तेव्हा हे ऐकून हसायलाच लागले. म्हणाले, "अगं, माना पाडतात! आमच्याकडे वाफ्यावरून रिकामं पिंप फिरवतात, एवढाच काय तो फरक." त्या दिवशी मामांना नंतरचं कॅथेड्रल फारसं आठवत नाही, कांदा मात्र आठवतो. माझी तक्रार नाही.

दुसरा टप्पा: बेटावर

आता केटनब्र्युकं पूल ओलांडून माक्सप्लाट्स आणि पुढे ग्र्युनर मार्क्ट, म्हणजे हिरवा बाजार. नाव खरं आहे: मघाशी पाहिलेल्या शेतांतली भाजी शतकानुशतकं इथेच विकायला येत आली आहे. चौकात १६९८ चा नेपच्यूनचा कारंजा आहे. हातातल्या त्रिशूळामुळे लोकांनी देवाचं नाव 'गाबेलमान' करून टाकलं, काट्यावाला. भेटायचं ठिकाण म्हणून सगळे हाच सांगतात, तुम्हीही चुकामूक झाल्यास इथे भेटायचं ठरवून ठेवा. समोरचं सेंट मार्टिन चर्च उघडं असेल तर पाच मिनिटं डोकावून निघा.

तिसरा टप्पा: नदीतला टाउन हॉल (घाई करू नका)

इथे निदान पाऊण तास ठेवा. आधी उंटेरं ब्र्युकं या खालच्या पुलावर जा. तिथून 'आल्टेस राटहाउस', म्हणजे जुना टाउन हॉल, पूर्ण दिसतं: रेग्निट्सच्या मधोमध, दोन पुलांच्या मधे, आणि त्याला लोंबकळल्यासारखं चिकटलेलं लाकडी चौकटींचं छोटं घर.

लोककथा अशी की बिशपने नागरिकांना टाउन हॉलसाठी वीतभरही जमीन दिली नाही, म्हणून त्यांनी नदीत खांब ठोकून स्वतःचं बेट तयार केलं. कथा तिखटमीठ लावलेली आहे, पण तिच्यातलं भांडण खरं. टेकडीवरचे भाग धर्मपीठाच्या अखत्यारीत होते, तिथे राहणाऱ्यांना शहराचे कर लागू नव्हते. तटबंदीचा आणि रक्षणाचा खर्च बेटावरच्यांनी करायचा आणि वरच्यांनी नुसतं राहायचं, असं किती दिवस चालणार? १५ व्या शतकात यावरून उघड संघर्ष झाला आणि त्यात नागरिकांचं काही चाललं नाही. टाउन हॉल बरोबर त्या दोन सत्तांच्या हद्दीवर उभा आहे. माळ्यांची वस्ती आणि बाजार पाहून इथे आलात की हे वेगळं समजवावं लागत नाही.

भिंतींवरची चित्रं मूळ योहान आनवांडरने १७५५ मध्ये काढलेली, नंतर पुन्हा रंगवलेली. खांब, कोनाडे, कमानी सगळं रंगात, खरं वाटेल असं. आणि एका ठिकाणी चित्रातल्या गुबगुबीत बाळदेवदूताचा पाय खराखुरा भिंतीतून बाहेर आलेला आहे. तो शोधायचं काम मुलांना द्या, तुम्हाला निवांत दहा मिनिटं मिळतील.

फोटोसाठी सगळे पुलावर गर्दी करतात. त्यापेक्षा गायर्सव्योर्थ वाड्याकडच्या पादचारी पुलावर जा: टाउन हॉल, पाणी आणि दोन्ही काठ एकदम चौकटीत येतात. जवळच पर्यटन माहिती केंद्र आहे, नकाशा तिथे घ्या.

याच वाड्यापाशी एक स्मारक आहे, तेही पाहून जा. १७ व्या शतकाच्या सुरुवातीला बांबेर्गच्या राज्यात चेटूक केल्याच्या आरोपाखाली सुमारे हजार माणसं मारली गेली. १६२६ ते १६३१ या काळात कहर झाला. त्यांत श्रीमंत होते, नगरपालिकेचे लोक होते, खुद्द महापौर योहानेस युनिउस होता. १६२८ मध्ये देहदंड होण्याआधी त्याने तुरुंगातून मुलीला, व्हेरोनिकाला, चोरून पत्र लिहिलं: मी निरपराध आहे, छळ असह्य झाला म्हणून खोटी कबुली दिली. अंगठे चिरडलेल्या हाताने लिहिलेलं ते पत्र आजही बांबेर्गच्या ग्रंथालयात आहे, आणि ते ग्रंथालय आहे वर टेकडीवर, बिशपच्याच महालात.

चौथा टप्पा: चढण आणि कॅथेड्रल

कारोलिनेनश्ट्रासंने वर चढा. चढ छातीवर येणारा आहे, पण लांबचा नाही. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी बसने वर यावं, त्यात कमीपणा नाही. माझ्या सासूबाई बसने येतात आणि आम्ही धापा टाकत पोचेपर्यंत बाकावर बसून आम्हाला हसतात.

बांबेर्गचं धर्मपीठ १००७ साली राजा हाइनरिश दुसरा याने स्थापलं, तो पुढे सम्राट झाला. पहिलं कॅथेड्रल १०१२ चं. ते दोनदा आगीत सापडलं आणि आज दिसतं ते चार मनोऱ्यांचं 'डोम' १२३७ मध्ये पवित्र केलं गेलं. प्रवेश विनामूल्य. आत जाण्याआधी चौकाकडच्या राजद्वारावरचं शिल्प बघा. अंतिम न्यायाचा प्रसंग आहे, आणि नरकात निघालेले लोक चक्क हसताना दिसतात. ते हसू की कण्हणं, यावर आमच्या घरात एकमत नाही.

आत चार गोष्टींवर लक्ष द्या, बाकी आपोआप दिसेल.

पहिली, हाइनरिश आणि राणी कुनिगुंडे यांची समाधी. शिल्पकार टिलमान रिमेनश्नायडरने १४९९ ते १५१३ अशी चौदा वर्षं तिच्यावर घालवली. बाजूंच्या फलकांवर गोष्टी आहेत. एकात कुनिगुंडेवर व्यभिचाराचा संशय आल्यावर ती तापलेल्या नांगराच्या फाळांवरून चालते आहे. अग्निपरीक्षा म्हटल्यावर आपल्याला कोण आठवतं ते सांगायला नको. फरक एवढाच की ही राणी नंतर धरणीत गेली नाही, नवऱ्याशेजारी इथे झोपली आहे.

दुसरी, खांबावरचा दगडी घोडेस्वार, 'बांबेर्गर रायटर'. १३ व्या शतकातला. तो कोण, हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. हंगेरीचा राजा स्टीफन असावा असं पुष्कळ जण मानतात. ना शस्त्र, ना चिलखत. दोन बोटं गळ्यापाशी दोरीत अडकवून तो कुठेतरी दूर बघतो आहे. त्याला नाव नाही म्हणून ज्याने त्याने त्याला आपलंसं केलं. नाझींनीही केलं, आदर्श जर्मन म्हणून मिरवलं. मला विचाराल तर तो वाट चुकलेला तरुण वाटतो.

तिसरी, शिल्पकार फाइट श्टोसचं लाकडी कोरीव काम, १५२३ चं. चौथी, पश्चिमेकडच्या गाभाऱ्यात पोप क्लेमेंट दुसरा याची कबर. हा आधी बांबेर्गचा बिशप होता, १०४७ मध्ये वारला आणि त्याला इथे आणलं. आल्प्सच्या उत्तरेला पोपची उरलेली ही एकमेव कबर. एरवी तिच्याजवळ जाता येत नाही, लांबूनच बघायचं.

पाचवा टप्पा: गुलाब, आणि पुढची टेकडी

समोरच्या नव्या महालाच्या खोल्या पाहायला तिकीट लागतं. वेळ कमी असेल तर सोडून द्या, पण मागची गुलाबबाग सोडू नका. ती फुकट आहे. सुमारे साडेचार हजार गुलाब आणि कठड्यापलीकडे शहराची लाल कौलं. सकाळपासून चाललेली सगळी वाट इथून दिसते. याच महालाच्या खिडकीतून १ जून १८१५ ला नेपोलियनचा सेनाप्रमुख राहिलेला बेर्तिए पडून मेला. पडला, उडी मारली की ढकलला, याचा वाद आजही मिटलेला नाही. ग्रीसमधून हाकललेला राजा ओटो याच महालात राहिला आणि १८६७ मध्ये इथेच वारला.

पायांत जोर असेल तर ओबेरं कारोलिनेनश्ट्रासंने याकोब्सप्लाट्सकडे या. तिथल्या सेंट याकोब चर्चमध्ये १९३३ साली क्लाउस फॉन श्टाउफेनबेर्गचं लग्न झालं, ज्याने १९४४ मध्ये हिटलरच्या बैठकीत बॉम्ब ठेवला. तो इथल्या घोडदळात होता. पुढे दहा मिनिटांवर मिखाएल्सबेर्गचा मठ आहे. त्याच्या चर्चच्या छतावर पाचशेहून जास्त वनस्पतींची चित्रं आहेत, आणि संत ओटोच्या समाधीखालून पाठदुखीवाले वाकून पलीकडे निघतात, बरं वाटावं म्हणून. पण हे चर्च २०१२ पासून दुरुस्तीत अडकलं, तेव्हा उघडं आहे का ते माहिती केंद्रात विचारूनच त्यासाठी चढा. नुसत्या गच्चीवरच्या दृश्यासाठी मात्र केव्हाही.

सहावा टप्पा: पाण्याकाठी

टेकडी उतरून नदीकाठच्या लाइनरिट वाटेवर या. पूर्वी होड्यांना दोर बांधून घोडे इथून प्रवाहाविरुद्ध ओढत नेत, नाव त्यावरूनच पडलं. पलीकडे कोळ्यांची जुनी घरं पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी रांगेत आहेत, बाल्कन्यांत फुलं, दारात होड्या. याला 'क्लाइन व्हेनेडिग' म्हणतात, छोटं व्हेनिस. घरांची तोंडं पश्चिमेला आहेत, म्हणून सकाळी इथे येऊन उपयोग नाही. दुपारी चारनंतरचं ऊन त्यांच्यावर पडतं तेव्हा या.

खाणं-पिणं

बांबेर्ग राउखबिअरसाठी, म्हणजे धुराच्या बिअरसाठी, प्रसिद्ध. माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या आगीवर वाळवतात, तो धूर बिअरमध्ये उतरतो. पूर्वी सगळीकडे असंच असायचं. गरम हवेच्या भट्ट्या आल्या आणि बाकीच्यांनी धूर सोडला, इथल्या श्लेंकरला आणि श्पेत्सिआल या बिअर बनवणाऱ्या दोन घरांनी सोडला नाही. पहिला घोट बहुतेकांना चमत्कारिक लागतो. आमच्याकडचे एक काका म्हणाले, "वांग्याचं भरीत प्यायल्यासारखं वाटतंय." इथले लोक सांगतात, तिसऱ्या ग्लासापर्यंत थांबा. पहिल्यांदाच पिणार असाल तर श्पेत्सिआलची सौम्य आहे, तिथून सुरुवात करा. न पिणाऱ्यांनी आप्फेलशोर्लं मागवावं, सफरचंदाचा रस आणि सोडा.

शाकाहाऱ्यांनो, सावध. 'बांबेर्गचा कांदा' म्हणून मेनूत दिसेल त्यात खिमा भरलेला असतो. बटाट्याचे गोळे शाकाहारी, पण त्यांच्यावरचा रस्सा मांसाचा. केझंश्पेत्सलं म्हणजे चीज घातलेल्या जाड शेवया, ओबात्सदा हे मसालेदार चीज आणि ब्रेत्सेल हा गाठीच्या आकाराचा पाव यांवर पोट भरतं. मागवताना "ओनं फ्लाइश, ओनं श्पेक" म्हणा, म्हणजे मांसाशिवाय, श्पेकशिवाय. श्पेक हा शब्द महत्त्वाचा, कारण डुकराच्या चरबीचे तुकडे इथे पुष्कळांना मांस वाटतच नाहीत, चव वाटते.

माझा संध्याकाळचा ठरलेला मुक्काम श्टेफान्सबेर्ग टेकडीवरच्या श्पेत्सिआल-केलरवर. केलर म्हणजे तळघर, पण इथे लोक केलर'मध्ये' नाही, केलर'वर' जातात. बिअर टेकडीच्या पोटात गार राहायची आणि झाडांखाली बाकं वर असायची, म्हणून. बव्हेरियातल्या जुन्या पद्धतीच्या बिअर-बागांत पेय त्यांचं घ्यायचं आणि खाणं घरून आणलं तरी चालतं, तशी रीतच आहे. तरी बसण्याआधी एकदा विचारा. 'श्टामटिश' अशी पाटी असलेल्या टेबलावर बसू नका, ते रोजच्या मंडळींचं. बाकी कुठेही अनोळखी लोकांच्या टेबलाशी "इस्ट हिअर नोख फ्राय?", म्हणजे इथे जागा आहे का, विचारून बसता येतं.

आता तो स्टीलचा डबा काढा. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं. समोर कॅथेड्रलचे चार मनोरे, शेजारच्या टेबलावरचे आजोबा मान वळवून बघतायत. एक पुरी त्यांच्याकडे सरकवा. गाडी साधारण तासाला दोन तरी असतात, स्टेशन उतारावर आहे, पण अर्धा तास हाताशी धरूनच उठा.